उशिराची किंमत कोण मोजतो?



आज सकाळी आपण सर्वांत आधी कोणते काम हाती घेतले, ते क्षणभर आठवून पाहा. मग आणखी एक आठवा: कोणते काम आपण उद्यावर ढकलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येते. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण ढकललेले काम लक्षात राहत नाही. निदान ज्याने ढकलले त्याच्या तरी.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. शिक्षणासाठी काशीत राहते आणि उरलेल्या वेळात हिंदी लेख मराठीत आणण्याची सेवा करते. आजचा लेख मात्र अनुवाद नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. ही चूक आळसाने किंवा विसराळूपणाने झालेली नाही. ती मी अत्यंत शिस्तीने केली.

माझी शिस्त अशी होती. फोनमध्ये कामांची यादी. प्रत्येक कामापुढे अ, ब किंवा क असे अक्षर आणि शेवटची तारीख. रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दुसऱ्या दिवसाची मांडणी. आपल्यापैकी अनेकांनी ती चार घरांची चौकट पाहिली असेल: तातडीचे आणि महत्त्वाचे, महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले, आणि अशीच उरलेली दोन घरे. तिला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे नाव दिले जाते. त्यांनी १९५४ साली एका भाषणात तातडीचे आणि महत्त्वाचे यांतला भेद सांगितला खरा, पण तोही एका माजी महाविद्यालयप्रमुखाचे म्हणणे म्हणून. पुढे स्टीफन कोवी यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे ही चौकट जगभर पोहोचली. त्यानंतर २००१ मध्ये डेव्हिड ॲलन यांनी सांगितले की डोक्यात काहीच साठवू नका, सगळे कागदावर उतरवा. मी दोघांचेही मानले. या पद्धतींना मी नावे ठेवणार नाही. यादी नव्हती तेव्हा मी लोकांना 'हो हो' म्हणून विसरत असे, आणि वर त्याला साधेपणा समजत असे. लिहून ठेवणे हा दुसऱ्याला दिलेल्या शब्दाचा मान आहे, असे मला आजही वाटते.

आता ती गोष्ट.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. अशाच एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. खाली घरमालकीण आजी एकट्या असतात. २०२३ मध्ये त्या ७८ वर्षांच्या होत्या. यजमान रेल्वेत नोकरीला होते, त्यांच्यामागे आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक आहेच. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' या सोयीने आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे देऊन घरबसल्याही देता येतो. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, पीठ मळलेल्या हातांवरच्या रेषा म्हातारपणी पुसट होतात आणि यंत्र ते अंगठे ओळखत नाही. म्हणून २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवूनही दाखला देता येऊ लागला. त्यासाठी बऱ्यापैकी फोन हवा आणि तो चालवणारे कोणीतरी हवे. त्या घरात ते 'कोणीतरी' म्हणजे मी.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आजी म्हणाल्या, "अगं, तेवढं माझं फोनवरचं काम करशील का? मागच्या वर्षी मशीननं माझा अंगठाच घेतला नाही."

"हो आजी, करू या की. तीस तारखेपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले. आणि लगेच यादीत लिहिले: आजींचा दाखला, 'ब', ३० नोव्हेंबर. पद्धतीप्रमाणे अगदी बरोबर. महत्त्वाचे, पण तातडीचे नाही.

त्या वर्षी कार्तिक पौर्णिमा २७ नोव्हेंबरला होती. काशीत त्या रात्री देवदिवाळी असते, सगळे घाट पणत्यांनी उजळतात. दिव्यांच्या सेवेत माझे नाव होते. त्याच आठवड्यात एका मोठ्या लेखाचा अनुवाद द्यायचा होता आणि डिसेंबरात सत्र परीक्षा होती. ही तिन्ही 'अ' होती. मधे एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "तुझं आटोपलं की मग बघ हो." मी मान डोलावली. आज त्या वाक्याकडे पाहते तेव्हा वाटते, ज्याला खरी गरज असते तो अनेकदा असेच बोलतो. आपल्या गरजेला तो स्वतःच 'ब' लावून देतो.

अनुवाद मी दोन दिवस आधीच पूर्ण केला. विषय होता: दैनंदिन जीवनातील सेवाभाव.

एक डिसेंबरला फोनमध्ये काही कामे लाल झाली. परीक्षेच्या धास्तीने मी ती सर्व लाल कामे एकदम निवडली आणि 'नंतर पाहू' नावाच्या कप्प्यात टाकली. यादी स्वच्छ झाली. किती हलके वाटले म्हणून सांगू!

दाखला न दिल्याने डिसेंबरअखेर जमा व्हायची पेन्शन जमा झाली नाही. मला पत्ता नव्हता. जानेवारीत एका सकाळी आजींनी चहा दिला तो कोरा. म्हणाल्या, "दूध नासलं बघ." दुसऱ्या दिवशीही नासले होते. तिसऱ्या दिवशी गल्लीत दूधवाले भैया भेटले, त्यांनी सहज विचारले, माताजींनी दूध का बंद केले, कोणी दुसरा लावला का? मग सगळा उलगडा झाला. आदल्याच आठवड्यात, काशीच्या त्या हाडे गोठवणाऱ्या धुक्यात, आजी मैदागिनपर्यंत पायी गेल्या होत्या, कारण आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही. तिथून ई-रिक्षाने बँकेत जाऊन, रांगेत उभे राहून त्यांनी स्वतः फॉर्म भरून दिला होता. थकबाकी पुढे मिळाली, पैसा बुडाला नाही. मी विचारले, "आजी, मला का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तुझी परीक्षा होती ना."

रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर बरेच दिवस मी या प्रश्नात अडकले: चूक नेमकी कुठे झाली? काम लिहिले होते, तारीख लिहिली होती. पहिले उत्तर सुचले ते असे की 'ब'च्या जागी 'अ' लिहायला हवा होता. पण हे उत्तर पुरेसे नाही. उद्या दहा कामे 'अ' झाली तर?

याच सुमारास वर्गातल्या एका चर्चेत एका प्रयोगाचा उल्लेख झाला. प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधील तो भला माणूस, जो वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसासाठी थांबतो. वाटेत एक जण खोकत, कण्हत दारापाशी कोसळलेला होता. तो अर्थात मुद्दाम बसवलेला. ज्यांना सांगितले होते की अजून वेळ आहे, त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना सांगितले होते की उशीर झाला, धावा, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे करुणेवर बोलायला निघालेली माणसेही उशीर झाला म्हणून पडलेल्याच्या बाजूने निघून गेली. सेवाभावावरचा अनुवाद दोन दिवस आधी देणाऱ्या मुलीला हे वाचून काय वाटले असेल, ते आपण समजू शकता.

पण हा प्रयोग फक्त एवढेच सांगतो की घाई माणसाला आंधळे करते. घाई नसेल तेव्हा निवड कशी करावी, हे तो सांगत नाही. त्यासाठी मला आपल्याच घरातल्या एका माणसाकडे यावे लागले, आणि गंमत म्हणजे त्यांचे काशीशी आणि त्याच कार्तिक पौर्णिमेशी नाते आहे. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका पैठणला आरंभली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, कार्तिक पौर्णिमेला वाराणसीत पूर्ण केली. मी पणत्या लावत होते ती तिथी हीच.

नाथांच्या दोन कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिली देवगिरीची. गुरू जनार्दनस्वामींच्या घरी नाथ हिशेब पाहत. एकदा एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्याच्या उजेडात ते वह्या तपासत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडली तर किती होईल!

दुसरी कथा कावडीची. काशीहून गंगा भरून ती रामेश्वराला वाहायची, हा यात्रेचा संकल्प. शेकडो कोस खांद्यावरून वाहून आणलेले पाणी. रामेश्वर जवळ आले असताना वाटेत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात घातले. बरोबरचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला.

या दोन कथा मी माझ्या चार घरांच्या चौकटीत बसवून पाहिल्या, तर दोन्हीकडे नाथ चुकलेले दिसतात! एक पै म्हणजे किरकोळ बाब. आमच्या अभ्यासात 'मटेरियलिटी' नावाचे तत्त्व आहे: निर्णयावर परिणाम होणार नाही इतकी लहान रक्कम असेल तर तिच्यामागे शक्ती घालवू नये. तेरीज जुळत नसेल तर फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकून झोपायला जाता येते. तिथे नाथ रात्रभर जागले. आणि जे खरोखर मोठे होते, महिनोन्‌महिने चाललेला संकल्प, तो त्यांनी एका क्षणात जमिनीवर ठेवला. क्षुल्लकासाठी जागरण आणि मोठ्याचा त्याग. मग त्यांची अग्रक्रम लावण्याची रीत तरी कोणती होती?

कामाचा आकार आणि तारीख या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून मी एकच प्रश्न विचारून पाहिला: उशीर झाला, किंवा काम राहिले, तर त्याची किंमत कोण मोजणार? मग दोन्ही कथा एका रेषेत आल्या. रात्रीच्या जागरणाची किंमत नाथांच्या झोपेने मोजली. चूक तशीच राहिली असती, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर बसली असती. हिशेबातली एक पै कोणाची तरी असतेच. तसेच कावड रिकामी झाल्याची किंमत नाथांच्या यात्रेने मोजली. कावड भरलेली राहिली असती, तर किंमत त्या गाढवाने मोजली असती, आणि ती भरून देण्याची सोय नव्हती. दोन्ही ठिकाणी नाथांनी उशिराची झळ दुसऱ्याकडून काढून स्वतःकडे घेतली. हा अर्थ माझा आहे. कथेचे अधिकारी जाणकार वेगळा लावतील, तर मी नम्रपणे ऐकेन.

माझ्या यादीत नेमके हेच कुठे लिहिलेले नव्हते. 'आजींचा दाखला' या कामाला तारीख होती, अक्षर होते, पण उशीर झाला तर दूध कोणाचे बंद होईल, हे नव्हते. अनुवाद दोन दिवस उशिरा गेला असता तर? फार तर मला एक विचारणा आली असती. मी माझी झळ वाचवली, आणि तिला शिस्त म्हटले.

खरे तर हे मला माझ्याच पाठ्यपुस्तकाने सांगायला हवे होते. एखादी कंपनी बुडते आणि सर्वांना द्यायला पैसा पुरत नाही, तेव्हा कोणाला आधी द्यायचे? आपल्या देशात २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेतील ५३ वे कलम हा क्रम ठरवते. प्रक्रियेचा खर्च भागल्यावर, कामगारांचे मागील २४ महिन्यांचे देणे आणि तारण असलेल्या धनकोंचे देणे बरोबरीने येते. सरकारची देणी त्याच्या बरीच खाली. बँकेच्या कोट्यवधींच्या शेजारी कामगाराचा पगार उभा केला आहे, आणि तिजोरी त्याच्या मागे. कायदा करणाऱ्यांच्या मनात अनेक हिशेब असतील, पण परीक्षेसाठी हा क्रम पाठ करताना मला प्रथमच वाटले की रकमेच्या आकारावर रांग लावलेली नाही. थांबणे कोणाला झेपणार नाही, हेही पाहिले आहे. आणि आपल्या सर्वांचा वेळ तर कायमच बुडीत कंपनीसारखा असतो, सर्वांना पुरत नाही.

येथे आपण म्हणाल, मग काय, स्वतःचा अभ्यास, नोकरी, साधना सगळे सोडून प्रत्येक हाकेला धावायचे? हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याजवळ त्याचे पूर्ण उत्तर नाही. माझा अभ्यासही एक देणेच आहे. बाबा दर महिन्याला पैसे पाठवतात, ते कशातून काढतात हे मला माहीत आहे. परीक्षेत नापास झाले असते तर किंमत त्यांनीही मोजली असती. शिवाय आज प्रत्येकाच्या खिशात दर दोन मिनिटांनी ओरडणारे एक यंत्र आहे, आणि त्यातले प्रत्येक ओरडणे म्हणजे तहानलेले गाढव नव्हे. समूहावरचे शंभर शुभ सकाळ संदेश वाचले नाहीत तर कोणाचेही काही बिघडत नाही. काही माणसेही अशी असतात की त्यांचे प्रत्येक काम 'अगदी आत्ताच' असते. त्यांना नाही म्हणायला मी अजून शिकते आहे.

परंतु एक फरक मला दिसू लागला आहे. ज्याचा आवाज मोठा, त्याचे काम आपोआप वर चढते: मोठ्या हुद्द्यावरची व्यक्ती, दंड लावणारी तारीख, लाल अक्षरातला निरोप. ज्याच्याकडे आवाज नाही त्याला वर चढवायला आपणच लागतो. आजींनी दोनदा सांगितले, तेही जिन्यात, तेही माझी सोय पाहून. यादी हे करू शकत नाही. तिच्यात आपण जे घालू तेच ती रांगेत लावते. हा विवेक आपल्याला बाहेरून आणावा लागतो, आणि तो थोडी स्वस्थता असेल तरच सुचतो. म्हणून सकाळच्या ध्यानानंतर, फोन उघडण्यापूर्वी, मी दोन मिनिटे डोळे मिटून आठवते की आज माझ्यामुळे कोण थांबले आहे. साधनेचा हा फार छोटा उपयोग झाला, असे कोणी म्हणेल. माझ्यापुरता तो पुरेसा मोठा आहे.

यादी मी अजूनही ठेवते. मात्र आता कामापुढे अक्षराऐवजी माणसाचे नाव असते. 'जीएसटीचा पेपर' याच्यापुढे बाबांचे. 'लेखाचा अनुवाद' याच्यापुढे आधी काय लिहावे कळेना, मग 'वाचक' असे लिहिले. म्हणजे आपलेच नाव, वाचकहो, आणि म्हणून आपला लेख कधीकधी एक दिवस उशिरा येतो याची क्षमा मागते. 'नंतर पाहू' हा कप्पा मी काढून टाकला नाही, त्याची गरज पडतेच. पण त्यात काही टाकायचे असेल, तर त्या माणसाला आधी जाऊन सांगायचे की मला आत्ता जमत नाही, दुसरे कोणी पाहा. हे सांगताना फार संकोच वाटतो. त्या डिसेंबरात आजींना एवढे एक वाक्य सांगितले असते, तर त्यांनी शेजारच्या मुलाला हाक मारली असती.

२०२४ ची दिवाळी काशीत ३१ ऑक्टोबरला झाली. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला सकाळीच मी फोन घेऊन खाली गेले. आजींनी आधी पातळ बदलले, केस नीट केले. फोटो निघणार म्हटल्यावर तसेच कसे बसायचे! खिडकीपाशी उजेडात त्यांना बसवले. आधार क्रमांक भरला, पेन्शनचा क्रमांक त्यांनी जुन्या पासबुकातून वाचून दाखवला. मग फोनने डोळे मिचकवायला सांगितले. आजींनी दोनदा जोरात मिचकवले आणि तशाच ताठ बसून राहिल्या.

"झालं? एवढंच?"

"एवढंच, आजी."